सहगुणक

एक्सेलनं आलेखावर दाखवलेलं समीकरण ऋजुतानं जसंच्या तसं वापरलं आणि प्रबंधातली सगळी उत्तरं चुकली. असलं काही विचारावं तर मंदारलाच. घटस्फोटानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला फोन लावला.

“आलेखावर सहगुणकांचे पुढचे दशांश कापलेले असतात. लिनेस्टचं सूत्र घाल, पूर्ण आकडे मिळतील,” तो नेहमीच्याच शांतपणे म्हणाला.

आकडे मिळाले, उत्तरं जुळली. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, “आई कशा आहेत?”

“आई गेली. दिवाळीच्या आधी.”

“मला कळवलं नाहीस?”

“काय नातं सांगून कळवायचं होतं?”

कोर्टाच्या आवारात सासूबाईंनी तिचा हात शेवटपर्यंत सोडला नव्हता.

फोन ठेवून, रडू येईल म्हणून ती बसून राहिली. ते आलं नाही, तेव्हा तिनं पुढचा तक्ता उघडला.