हाळी

येसूबाईला साप चावून अर्धा तास झाला होता. भात कापताना पेंढीखाली फुरसं होतं. घोटा सुजून काळानिळा पडला होता. वाडीला रस्ता नाही, म्हणून बांबूला चादर बांधून डोली केली होती आणि चौघं तिला घेऊन उतरत होते. खाली कापडे गावाला डांबरी सडकेवर जीप उभी होती. तिथून पोलादपूर, आणि पोलादपूरला इंजेक्शन.

दोघं डोली धरत, दोघं बरोबर चालत. शंभर पावलांवर खांदा बदलत. आत्ता पुढं तिचा थोरला गणू होता, मागं धाकटा सुहास. शेजारचा महिपती आणि त्याचा भाचा अक्षय दोर, कोयता घेऊन सोबत होते.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"वाचवाऽऽ!"

चौघंही थांबले. वर कड्याच्या माथ्यावर थंड हवेचं गाव होतं. तिथून कधीमधी शिट्ट्या, गाण्याची एखादी ओळ खाली येई. वाडीनं तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पण हा शब्द वेगळा होता. तो पुन्हा आला. मग आणखी एकदा, बारीक होऊन.

"कड्यावर माणूस अडकलाय," महिपती म्हणाला. "आवाज बसत चाललाय त्याचा."

गणूनं खांदा काढला नाही. "पयलं आयेला खाली नेऊ."

"तवर तो ऱ्हायाचा नाय."

या खोऱ्यात हाळी ऐकली की हातातलं टाकून जायचं. कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

"गणू," डोलीतून येसूबाई म्हणाली, "माजा नुस्ता पाय हाय रे. त्याचा जीव हाय. जा."

"आये, तू गप ऱ्हा गो."

"गप ऱ्हाऊन इख उतरतो काय? कडा तुला ठाव हाय, दुसऱ्या कुणाला नाय. जा."

गणूनं महिपतीच्या खांद्यावर बांबू दिला आणि अक्षयला घेऊन, दोर गळ्यात टाकून वर निघाला. डोलीला आता दोघंच राहिले. बदलायला खांदा नव्हता.

एरवी दीड तासाची चढण ते पाऊण तासात चढले. हातानं गवत धरत, गुडघे टेकत. प्रत्येक कपारीत गणू डोकावून बघत होता. माणूस कुठंच नव्हता. पडलाच असेल, त्याला वाटलं.

शेवटचा दगड ओलांडून त्यानं डोकं वर काढलं. समोर रंगवलेला कठडा होता. पलीकडे कणसांची गाडी आणि फोटो काढणारी माणसं.

"अगं बाई!" एक तरुण बाई दचकून मागं सरली.

कठड्याला धरून गणूनं विचारलं, "कोण पडला?"

"पडलं? कोणीच नाही," तिचा नवरा मुकुल म्हणाला. महाडहून एका दिवसासाठी आलेलं कुटुंब होतं. "केवढे दमलात हो तुम्ही. वैदेही, पाणी दे त्यांना."

"मंग हाळी कुणी दिली? वाचवा म्हणून?"

तो हसला. मग हसू अर्ध्यावरच राहिलं. "ते... मीच. म्हणजे इथं सगळेच ओरडतात. प्रतिध्वनी येतो ना."

वैदेहीनं न विचारताच फोन पुढं धरला. या गावी आलात तर काय काय करावं, त्याची यादी होती. घोड्यावर बसा. तळ्यात नाव वल्हवा. स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम खा. या टोकावर उभं राहून मोठ्यानं ओरडा.

"'वाचवा' छान येतं," ती म्हणाली. "तीनदा."

कणसं भाजणारी मैना निखाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "रोजचाच हाय त्यांचा. वारा असला की आवाज खाली जात नाय. आज वारा पडलाय."

गणू दरीकडं वळला. बोलला तो अक्षय.

"याची आये डोलीत हाय. फुरसं चावलंय तिला. तशीच सोडून आलो आमी."

वैदेहीच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिच्या नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

गणू खाली बघत होता. दूर, वाटेच्या दुसऱ्या वळणावर, पांढरी चादर दिसत होती. पुढं एक डोकं, मागं एक. हळूहळू सरकत होती.

"चालतायत," तो स्वतःशीच म्हणाला. "चालतायत रे. चल."

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला मुकुलची आई, सरोजबाई, पाठमोऱ्या उभ्या होत्या. नोकरीतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सकाळपासून सगळे त्यांना ओरडायचा आग्रह करत होते आणि त्या लाजून नको म्हणत होत्या. इकडचं काही त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला. दोन्ही हात तोंडाशी नेले.

"आई, नको!"

"वाचवाऽऽ!"

आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. समोरच्या कड्यानं तो परत दिला. एकदा, दोनदा, तीनदा.

खाली पांढरी चादर थांबली. जमिनीला टेकली. आणि दरीतून सुहासचा आवाज वर आला. दमलेला, पण स्पष्ट.

"आलोऽऽ!"

सरोजबाई वळल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता.

"मुकुल," त्या म्हणाल्या, "मी 'आलो' असं कुठं म्हटलं?"