पेटीबाहेर

“मालक, माझ्याच हातून झालं,” रामकिसन हात जोडून म्हणाला. “काल सकाळी नातवाच्या जावळाचा फोटो छापायला पेन ड्राइव्ह लावला. त्यातूनच गेला असंल तो व्हायरस.”

केबिनच्या दाराशी उभ्या असलेल्या रत्नमालानं मान खाली घातली. शेंद्र्याच्या त्या लहानशा कारखान्यात रामकिसन स्टोअर सांभाळायचा आणि ती ऑफिसातले कॉम्प्युटर. काल दुपारपासून एकही फाइल उघडत नव्हती. डायची, म्हणजे साच्यांची, सगळी ड्रॉइंग गेली होती. काहीही उघडायला जावं तर पडद्यावर पैसे भरा म्हणून इंग्रजीत धमकी यायची.

“तुला कॉम्प्युटरला हात लावायला सांगितलं कुणी?” तात्यासाहेबांनी टेबलावर हात आपटला. मग कॉम्प्युटर बघायला आलेल्या अभयकडं वळून म्हणाले, “याच्या पेन ड्राइव्हमधूनच आलं ना?”

“व्हायरस तर सापडलाय त्यात,” अभय म्हणाला. “अन् दुसरं कोण असणार, साहेब? मॅडम तर साधी लग्नपत्रिका आली तरी पेटीत उघडतात.”

पेटी म्हणजे सॅन्डबॉक्स. अभयनंच तो बसवून दिला होता. अनोळखी प्रोग्राम, भलतीसलती वेबसाइट, जे काही असेल ते त्यात उघडायचं. आत त्यानं कितीही धिंगाणा घातला तरी खऱ्या कॉम्प्युटरला धक्का लागत नाही. काम झालं की पेटी रिकामी करायची, सगळं साफ. रत्नमाला ती इतक्या नेमानं वापरायची की अभय दुसऱ्या ऑफिसांत तिचं उदाहरण द्यायचा.

काल सासूबाईंच्या एकसष्टीसाठी फोटोंचा व्हिडिओ करावा म्हणून तिनं एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. पेटीत तो बरा चालला, पण गाणं काही वाजेना. जेवणाची सुट्टी संपत आली होती. एवढा नीट चालतोय, याला काय होतंय, असं म्हणून तिनं तो पेटीबाहेर उघडला. गाणं वाजलं. चहा येईपर्यंत फाइलींची नावं बदलायला लागली होती.

आणि अभयला फोन करायच्या आधी तिनं तो प्रोग्राम पुसून टाकला. तो कुठून उतरवला, त्याची खूणसुद्धा पुसली.

रामकिसनच्या पेन ड्राइव्हमधला व्हायरस जुना, किरकोळ होता. फोल्डर लपवायचा, एवढंच. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“उद्यापासून येऊ नको,” तात्यासाहेब म्हणाले.

रामकिसननं वाद घातला नाही. “व्हय मालक. तुमचं लई नुकसान झालं,” म्हणत त्यानं खिशातून स्टोअरच्या किल्ल्या काढल्या आणि आवाज होऊ नये अशा बेतानं टेबलावर ठेवल्या.

ते रत्नमालाला बघवेना.

“सर, ते मी केलं.”

तिघांनीही तिच्याकडं पाहिलं.

“माझ्याकडून झालं. एक प्रोग्राम मी पेटीबाहेर उघडला होता. काकांचा काही दोष नाही.”

अभय क्षणभर गोंधळला, मग हसला. “मॅडम, तुमचं मशीन मी स्वतः तपासलं. असलं काहीच नाही त्यात.”

नाही, कारण मी पुसलं. एवढं एकच वाक्य उरलं होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. चूक कुणाच्याही हातून होते, चुकीला माफी असते. पण पुसलं म्हटल्यावर हीच माणसं आपल्याकडं कशी बघतील, हे तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. ती टेबलावरच्या किल्ल्यांकडं बघत राहिली.

तात्यासाहेबांचा आवाज उतरला. “गरिबाची नोकरी जाऊ नये म्हणून अंगावर घेताय होय, मॅडम? बघ रे रामकिसन, माणसं कशी असतात.” त्यांनी किल्ल्या पुढं सरकवल्या. “राहू दे. यांच्या शब्दाखातर ठेवतो तुला. पण ऑफिसात परत पाऊल टाकायचं नाही.”

रत्नमालाला एकदम हलकं वाटलं. आपल्याला हलकं वाटलं, हे कळताच तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती जागेवर जाऊन बसली. दिवसभर तिला कुणाकडं वर बघवलं नाही. चहावाल्या पोरीनंसुद्धा आज तिचा कप सगळ्यांच्या आधी आणून ठेवला.

संध्याकाळी ती फाट्यावरच्या बाकावर सिटी बसची वाट बघत बसली होती. रामकिसन सायकल हातात धरून आला. सायकल त्यानं झाडाला टेकवली आणि समोर उभा राहिला.

“ताई, तुम्ही आत काय बोलला, का बोलला, समदं कळलं मला.”

“काका, मी खरंच…”

“असू द्या.” त्यानं हातानंच तिला थांबवलं. त्याचे डोळे भरून आले होते. “माझ्या सख्ख्या भावानंबी माझ्यासाठी एवढं खोटं बोललं नसतं.”

आणि तिच्या बापाच्या वयाचा तो माणूस रस्त्यावरच तिच्या पाया पडायला वाकला. रत्नमालानं झटकन दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.