बोटांची परीक्षा

परीक्षेत मुलांच्या बाह्या वर करून कॉप्या पकडण्यात त्र्यंबक सरांची हयात गेली. आता त्यांचीच परीक्षा होती. फिजिओथेरपी शिकणाऱ्या आसावरीने डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी व्हिडिओ गेमचा, वर उभं राहून खेळायचा, वजन मोजणारा जुना बोर्ड आणला होता. पायाच्या बोटांतला जोर मोजायचं खरं यंत्र तिला परवडणारं नव्हतं. सरांनी खुर्चीत बसून पायाची बोटं बोर्डावर दाबली. लॅपटॉपवर आकडा आला, ९.४ किलो.

"पुढच्या सोमवारी परत मोजू, सर. दोन्ही आकडे जुळले तरच बोर्डावर भरवसा ठेवता येईल."

"आणि बोर्ड नापास झाला तर?"

"तर मीही. माझा प्रोजेक्टच या बोर्डावर आहे. अख्खं वर्ष वाया."

सोमवारी सरांनी स्क्रीनकडे बघत, अगदी जपून बोटं दाबली. ९.४!

"सर, पॉइंटसकट जुळलं!" आसावरी आनंदाने त्यांच्या पाया पडली. सरांनी आशीर्वादाला हात उचलला आणि लगेच मूठ मिटली. पण तळहातावर निळ्या पेनाने लिहिलेला ९.४ तोवर तिला दिसला होता.