साहेब घरी नाहीत

"पत्रकाराशी लग्न करतेस, दारात पोलीस येतील," असं बाबांनी बजावलं होतं. सुमेधाने ते हसण्यावारी नेलं आणि सुजीतबरोबर शारजाला आली. पोलीस कसले येतात! सुजीत पेपरात फॅक्सवर आलेले सोन्याचे भाव लावायचा, आणि पाहुण्यांना भिंतीवरचा फोटो दाखवून सांगायचा, "हा अमेरिकेतला चिकानो पत्रकार. मेक्सिकन मजुरांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढला. माझा गुरूच."

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. लहानग्या वेदांगला कडेवर घेऊन तिने दार उघडलं, तर निळ्या डांगरीतला एक मजूर उभा.

"भाभी, साब अखबार में हैं ना? मेरे भाई को लू लगी है, कंपनी अस्पताल नहीं ले जाती. साब दो लाइन छाप दें तो डरेंगे."

सोफ्यावरून सुजीत कुजबुजला, "घरी नाहीत म्हणून सांग. उगाच व्हिसा जायचा."

तिने दार आणखी सताड उघडलं आणि दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "साब घर पे नहीं हैं, भैया. शादी के बाद से नहीं हैं."

मग तिने त्याच्या भावाचं नाव आणि पत्ता विचारून घेतला: मल्लेश, अजमान. वाचकहो, त्या दोन ओळी पेपरात आल्या नाहीत, म्हणून इथे: तुमच्यापैकी कुणाची गाडी शारजाशेजारच्या अजमानकडे जात असेल, तर तिथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या मजूर कॅम्पात मल्लेश कुठे झोपलाय ते विचारा. शुद्धीवर आहे का, तेवढं बघून या.