उपासाचं कौतुक

“सारखं काय चरतेस गं? दुपारी एकदाच ताटभर जेव!” म्हणत वन्संनी माझ्या लेकीपुढचा लाडवांचा डबा उचलून फडताळात ठेवला. तिने मान खाली घातली.

माझं टाळकं सटकलं. “वन्सं, भरलं ताट बघून तिला अजून धडकी भरते. डॉक्टरांनीच थोडंथोडं, दर दोन तासांनी खायला सांगितलंय. सोमवार, गुरुवार, चतुर्थी करत पोरगी वाळत गेली, तेव्हा ‘केवढी भाविक’ म्हणून चारचौघांत तिला मिरवलंत! उपास नव्हते ते, आजार होता. शेवटी सलाईन लावावं लागलं! आणि आता खाते, तर डोळ्यांत खुपतंय?”

लेकीने माझा दंड धरला. मला वाटलं, गप्प करतेय.

“आई, भांडण नंतर,” ती म्हणाली. “आधी डबा दे. भूक लागलीय मला.”