काळ्या कापडामागे

आई फुलांचे फोटो काढायची. लोक त्यांचे मोठे प्रिंट घरात लावायला न्यायचे. प्रत्येक फुलामागे काळं कापड लागायचं, आणि ते धरून उभे राहायचे बाबा.

"बोटं दिसतायत. हलू नका," आई कॅमेऱ्यामागून ओरडायची.

"अगं, हात भरून आले. मी नवरा आहे की खुंटी?"

आई गेल्यावर तिचा शेवटचा फोटो, पांढऱ्या लिलीचा, आम्ही बैठकीत लावला. काही दिवसांनी फोटोच्या वरच्या कडेला बोटांची टोकं दिसू लागली. मी फ्रेमवाल्याकडे गेले.

"भोवतीचा पुठ्ठा जास्तच कापला गेला," म्हणत त्याने नवा पुठ्ठा बसवून बोटं झाकली. आठवडाभरात ती पुन्हा दिसायला लागली.

"बाबा, तुमचीच ना ही?"

बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. एक करंगळी वाकडी होती. गाडीच्या दारात सापडून आईची झाली होती, तश्शी.

"पण आई तर कॅमेऱ्यामागे होती," मी म्हणाले.

 त्या दिवसापासून बाबा जेवायलाही फोटोसमोरच बसू लागले. कापडावर रोज एखादी नवी सुरकुती पडत होती, धरणाऱ्याचे हात थरथरत असावेत तशी.

आज मी चहा घेऊन गेले, तर ते काचेवर तळवा टेकवून उभे होते.

"ठेव आता खाली," ते हळूच म्हणत होते. "किती वेळ धरशील? हात भरून आले असतील तुझे."

आणि कापड खाली येऊ लागलं. लिलीच्या मागे आधी भांग दिसला.