डावीकडून तिसरी बरणी

म्हाताऱ्या चित्रकाराला हिरवा आणि लाल सारखेच दिसत, हे फक्त बायकोला ठाऊक होतं, लेकीलासुद्धा नाही. बायकोच रंग घोटून बरण्यांत भरायची आणि फळीवर ठरल्या जागी मांडायची. डावीकडून तिसरी बरणी हिरव्याची. तिच्या भरवशावर त्याने चाळीस वर्षं रानं रंगवली. बायको गेल्यावर उरलेल्या रंगात त्याने तिच्या खाटेजवळच्या खिडकीबाहेरची झाडं काढली, तिला दिसायची तशीच. प्रदर्शनात समीक्षक त्या चित्रापुढून हलेना. "निसर्गाची नक्कल सोडून अखेर अमूर्ताकडे वळलात. रक्तासारखी लाल झाडं रंगवायला छाती लागते." त्याने लेकीला बाजूला घेतलं. "फळीला हात लावला होतास?" "आई गेली त्या आठवड्यात पुसली, बाबा. बरण्या उंचीप्रमाणे नीट लावल्या. का?" "काही नाही." त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं. त्याला झाडं अजूनही बरोबरच दिसत होती.